दोन लाल तळहात

"बाजूला—!"

लादिना दचकली. वळणावरून आलेली सायकल जवळजवळ अंगावरच आली आणि तिच्या हातातला लाल रंगाचा डबा उडाला. क्षणापूर्वी ती खडकावर वाटेची खूण रंगवत होती. आता पायवाटेवर सांडलेल्या रंगात बसली होती. सायकल त्याच रंगातून घसरत गेली आणि थांबली.

"लागलं का गं?" सायकलवरच्या तरुणाने धावत येऊन हात दिला. तिने न बघताच तो धरला... दोघांचे तळहात लालभडक!

"घंटी वाजवता येत नाही तुम्हाला?"

"वाजवली की. तू गात होतीस. मोठ्याने... आणि बेसूर. शिवाय डोंगरावर सगळेच अरे-तुरे करतात, मग अहो-जाहो कशाला?"

ती हबकलीच. वसंतात एंगादिनच्या या स्विस खोऱ्यात आलेला हा नवा सुतार, कुर्दिन, आणि एवढा आगाऊपणा!

"आज ग्रामसभेत ही वाट सायकलींना बंद होणार आहे. ठराव माझाच आहे."

त्याचं हसू मावळलं. "मग आज शेवटची खेप," एवढंच म्हणून तो निघाला.

मागे राहिले चाकाचे लाल ठिपके. आयता पुरावा! ती खाली उतरत मागावर निघाली.

पुढच्या वळणावर ठिपके वाट सोडून गवतात गेले होते. वाटेवर गावातल्या मेंगिया आजीच्या काठीची भोकं होती; तिला वाट द्यायला तो बाजूला झाला होता. आजी रोज याच वाटेने उतरायची. तिथून पुढे पुसट ठिपक्यांच्या एका बाजूला बुटांचे ठसे, दुसऱ्या बाजूला काठीची भोकं. म्हणजे तो सायकल ढकलत, आजीच्या चालीने...? गावातलीच माणसं उघडं टाकतात ते गुरांचं फाटकही लावलेलं होतं. कडीवर लाल बोटांचे ठसे.

लादिना थिजली. एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिचा ठराव तरी किती उदाहरणांवर उभा होता?

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात तिच्या बाबांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, विचारलं, "बंदीच्या बाजूने?"

काही हात वर झाले. बरेच जण तिच्याकडे बघत हात खालीच ठेवून बसले. तिचा हात मांडीवरच.

"लादिना?" बाबा चक्रावले. "बरं... विरोधात?"

मागच्या रांगेतून एक लाल तळहात वर गेला. आणि पाठोपाठ दुसरा. तो आपलाच आहे, हे पाहून लादिनालाच धक्का बसला!

सगळ्या माना वळल्या. मग मेंगिया आजी कडाडली, "अगं बाई! दोघांना एकाच डब्याचा रंग कसा लागला?" आणि तिने हसत काठी वर केली. खसखस पिकली, मागोमाग हात वर होत गेले. ठराव पडला.

बाहेर कुर्दिन दाराशी उभा होता. "माझ्याकडे टर्पेंटाईन आहे. रंग... लगेच निघेल."

लादिनाने त्याचा लाल हात हातात घेतला.

"तुला घाई आहे?"