आता गप्प

पुष्कर साठे साउथहॅम्प्टनला निघाला तो एका खोक्यासाठी. रविवारची सकाळ होती, वॉटफर्डच्या घरून दोन तासांचा रस्ता, आणि खोक्यात चौऱ्याऐंशी कॅसेट्स. टेप जमवणाऱ्या या लोकांचं वेड तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. बँडने स्वतः काढलेल्या रेकॉर्ड्स काय, कोणीही विकत घेतं. हे लोक प्रेक्षकांत बसून चोरून टेप केलेले कार्यक्रम जमवतात. पैसे घ्यायचे नाहीत, अदलाबदल करायची. आणि टेपला कात्री लावायची नाही. शेजारचा खोकला तर खोकलासुद्धा ठेवायचा. एवढे नियम मात्र सगळे पाळतात.

'ग्रे हार्बर' या बँडच्या, श्रीकांत देवांनी केलेल्या टेप आजवर कोणाच्याच हाती लागल्या नव्हत्या. श्रीकांतकाका बंदरावर नोकरीला होते. टोपीच्या अस्तरात माइक शिवून कार्यक्रमांना जायचे. फेब्रुवारीत ते वारले.

"घेऊन जा सगळं," त्यांच्या पत्नी सुप्रभाकाकू चहा ओतत म्हणाल्या. "मला ती गाणी कधी आवडलीच नाहीत."

"पण तुम्ही तर प्रत्येक शोला असायचात ना?"

"शेजारच्या खुर्चीत. तोंड मिटून. बावीस वर्षं." काकू हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. "टेपच्या सुरुवातीला हे तारीख, गाव, सीट नंबर बोलून ठेवायचे. मराठीत, म्हणजे आजूबाजूच्यांना कळायला नको. तेवढा ह्यांचा आवाज मला काढून दे. दुसरीकडे कुठेही नाही रे."

देतो म्हणाला. त्यात काय अवघड होतं?

घरी पुष्कर आणि ऋजुता, दोघंच. मागच्या खोलीत त्याने पहिली कॅसेट लावली. आधी नुसती खरखर. मग अगदी जवळून, दबका आवाज. "अकरा मार्च. ब्रिस्टल. रांग जी, सीट बारा, तेरा. आता गप्प." आणि लगेच गिटार.

ऋजुता दारात येऊन काही विचारू लागली की तो मान न वळवता ओठांवर बोट ठेवायचा.

"तुझ्याशी लग्न म्हणजे मौनव्रतच आहे," असं म्हणून ती खाली जायची. पहिल्यांदा ती हसून म्हणाली होती. नंतर नुसतीच जायची.

सगळ्या कॅसेट्स लॅपटॉपवर उतरवून त्याने चौऱ्याऐंशी आवाज कापले आणि एका फाइलमध्ये ओवले. दोन आवाजांच्या मध्ये चार सेकंद रिकामे सोडले. आणि इथे त्याला मोह झाला, या टेप कुठून आल्या ते आपल्या एकट्यालाच माहीत असावं. हे मराठी बोलणं ऐकलं तर बाकीचे कलेक्टर टेप कोणाच्या ते ओळखून थेट काकूंच्या दाराशी पोचतील. म्हणून त्याने कार्यक्रमांच्या कॉपीतूनही ते बोलणं उडवलं आणि न कापलेल्या कॉपी पुसून टाकल्या. लोकांचे खोकले ठेवले आणि श्रीकांतकाकांना मात्र काढून टाकलं. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

काकूंना टॅबलेटवर फाइल घालून दिली. आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज इतका हलका की पुष्करने ओळखलाच नाही.

"मध्ये जागा सोडलीस ते फार बरं केलंस. मी उत्तर देते ह्यांना. चहा ठेवलाय म्हणते, नळ दुरुस्त केला म्हणते. इतक्या वर्षांचं साठलंय रे."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन. या वेळी त्या कुजबुजत होत्या.

"काल हे दोनदा म्हणाले... आता गप्प. दुसऱ्यांदा जोरात."

वय झालंय, पुष्करला वाटलं. तरी त्याने आपल्याकडची फाइल उघडली. ब्रिस्टलनंतरच्या चार सेकंदांत, जिथे काहीच नव्हतं, तिथे काकूंचा आवाज होता. "चहा ठेवलाय."

त्याने लगेच फोन लावला. पलीकडून उचलला गेला. कोणी बोललं नाही. नुसती खरखर... जुन्या कॅसेटची.

तो दुपारीच पोचला. दार लोटलेलं होतं. काकू खुर्चीत ताठ बसलेल्या, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टॅबलेट, बॅटरी संपून बंद पडलेला. काकूंचे डोळे वाहत होते, आणि बोट ओठांवर.

"काकू, काय होतंय? बोला ना."

त्यांनी मान हलवली. मग पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. टेप चालू आहे.

डॉक्टरांनी तपासलं. घसा ठीक, सगळं ठीक. शेजारीण सोबतीला थांबली, आणि पुष्कर संध्याकाळी परत निघाला. गाडीत त्याला एकच विचार छळत होता. पूर्वी काका गप्प म्हणायचे, मग गाणी व्हायची, टाळ्या व्हायच्या आणि टेप बंद व्हायची. त्यानंतर काकू मोकळ्या. आता गप्प म्हटल्यावर पुढे काहीच नाही, म्हणजे संपायलाही काही नाही. ते आपणच कापलं. पण कॅसेट्स तर आहेत. पुन्हा जोडून द्यायचं, आजच.

घरी येताच त्याने ब्रिस्टलची कॅसेट लावली. एकदम गिटार सुरू झाली. मागे नेऊन पाहिली, पुन्हा गिटारच. त्याने दुसरी लावली, मग दहावी. काकांचा आवाज कुठल्याच कॅसेटवर उरला नव्हता. आता फक्त ती फाइल होती, आणि तिच्यात चौऱ्याऐंशीच्या पुढेही काहीतरी होतं.

आजची तारीख. "साउथहॅम्प्टन. सीट एक, दोन. आता गप्प." लांबच लांब खरखर, आणि तिच्यात पुष्करचा स्वतःचा आवाज. "काकू, काय होतंय? बोला ना."

मग पुन्हा तोच दबका आवाज. अगदी जवळून. "वॉटफर्ड. मागची खोली. सीट एक, दोन, तीन..."

पुष्करने लॅपटॉप मिटला. खरखर थांबली नाही.

जिन्यावर पावलं वाजली. ऋजुता दारात आली. कधी नव्हे ती लाजत होती, एक हात पोटावर होता.

"पुष्कर, आज तरी ऐकून घे. मला तुला काहीतरी सांगायचंय."

सांग, असं त्याला म्हणायचं होतं. देवाशपथ, तेवढंच म्हणायचं होतं. पण त्याचं बोट केव्हाच ओठांवर गेलं होतं. आणि ऋजुताचे ओठ हलत होते, तिचा आवाज मात्र येत नव्हता.