पाथरीची फुलं

आई गेल्यावर प्रांजली पुण्याहून आली, ती अण्णांना सोबत न्यायचं ठरवूनच. सिडकोतल्या घरात आता ते एकटेच होते आणि चहाशिवाय त्यांच्या पोटात काही जात नव्हतं. बाकी डोकं शाबूत. पेपर वाचत, लाइट बिल भरत. फक्त पुण्याचं नाव काढलं की म्हणत, "तुझी आई भाजीला गेलीय. आली की निघू."

आई खरंच भाजीला गेली होती. मागच्या मोकळ्या प्लॉटवर पाथरी खुडता खुडता तिथंच कलंडली. पिशोरच्या शेतकऱ्याघरची लेक. जमिनीला चिकटून पसरणारी ही कडसर रानभाजी थंडीत तिला भाकरीसोबत कच्ची लागायचीच. निवडायची तिची एक तऱ्हा होती. पानं डावीकडं, मुळं उजवीकडं, आणि पिवळी फुलं फेकून न देता समोर एका रांगेत, तोंडं आपल्याकडं करून. लहानपणी प्रांजली विचारायची, फुलं कशाला? "बसू दे की त्यान्लाबी," आई म्हणायची.

अंगणातल्या शहाबादी फरशीच्या फटीत पाथरी दिसली, तेव्हा प्रांजलीला नवल वाटलं नाही. तिचं बी कापसासारखं उडतं, कुठंही रुजतं. तिनं ती उपटून टाकली. पांढरा चीक बोटांना लागला आणि तपकिरी होऊन बसला. दुसऱ्या दिवशी पायरीपाशी आणखी चार-पाच होत्या, फुलांसकट. बी रुजून फूल यायला बरेच दिवस लागतात. आधी आपल्या नजरेस पडल्या नसतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

शेजारच्या गीताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुझ्या मायनं जलमभर अंगणात काडी ऱ्हाऊ दिली नाय, आन् तू रान माजवतीस व्हय?" मग हसता हसताच त्यांची नजर फुलांवर थांबली. "ऊन तर हिकडून हाय ना?" एवढं विचारून त्या आत निघून गेल्या.

तेव्हा प्रांजलीनं नीट पाहिलं. सगळी फुलं उन्हाकडं पाठ करून स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत होती. पाथरीची फुलं ऊन चढलं की मिटतात. ही भर दुपारीही उघडी होती. आत अण्णा चहा उकळत उभे होते. तिनं काहीतरी कारण काढून त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पुन्हा अंगणात गेली. फुलं खिडकीकडंच होती.

अण्णांकडं नव्हती, याचं तिला बरं वाटलं. मग थोड्या वेळानं तेच बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा अंघोळ करून, पिशवी भरून खुर्चीत बसलेले. "चल, निघू."

"असं एकदम?"

"आली ना ती."

प्रांजलीनं वाद घातला नाही. ते निघत होते, एवढंच तिला हवं होतं. चार भाकऱ्या थापून तिनं डब्यात घेतल्या, घराला कुलूप लावलं. अण्णांनी वाकून अंगणातली सगळी पाथरी मुळासकट उपटली, पेपरात गुंडाळली आणि डब्याशेजारी मागच्या सीटवर ठेवली. ते नेहमी मागं बसत. आज पुढं बसले.

"मागं तिला ऐसपैस होतंय."

वाळूज मागं पडलं. पाठीमागचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून प्रांजलीनं आरसा वर फिरवून ठेवला. गाडीभर कोवळ्या चिकाचा कडसर वास होता. मागून अधूनमधून कागद वाजत होता. काचा बंद होत्या.

कायगावला गोदावरीचा पूल दिसला, तसे अण्णा म्हणाले, "भूक लागली."

हे ऐकायला ती इतके दिवस झुरत होती. तिनं लगेच गाडी कडेला घेतली. डोळे पुसत खाली उतरली.

"भाजीबी घे," अण्णा म्हणाले. "निवडून झाली असंल."

तिनं मागचं दार उघडलं.

पेपर सीटवर सपाट पसरलेला होता.

पानं डावीकडं. मुळं उजवीकडं.

मध्ये फुलं, एका रांगेत. टक्क उघडी. तोंडं सीटच्या पाठीकडं.

प्रांजली दारात उभीच राहिली.

"जरा सरक," अण्णा मागं न बघता म्हणाले, "तिला उतरू दे."

ती सरकली.

फुलं सावकाश उघड्या दाराकडं वळली.