अर्ज पुढे पाठवलेला नाही

शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत चार माणसं होती. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले एक आजोबा, कुजबुजणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली आणि खिडकीजवळ तिसरीच्या वर्गाच्या बाई. बाईंसमोर अडतीस वह्यांचा गठ्ठा होता आणि कानावर लाल पेन.

पाचवा आला तो दाराजवळच्या स्टँडमध्ये माहितीपत्रकं भरायला. त्याने वरचं पत्रक उचललं, उघडलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. मग खोलीभर नजर फिरवली. ती लाल पेनावर थांबली.

"हे... तुमचं काम का?" जवळ येऊन त्याने हळूच विचारलं.

तिचे कान तापले. शिक्षणशास्त्रातल्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीचं ते पत्रक तिने मघाशी वाचायला घेतलं होतं. वाचता वाचता सवयीने तपासलं होतं आणि तपासून जागच्या जागी ठेवूनही दिलं होतं. 'पान दोनवर अठरा महिने, पान पाचवर दोन वर्षं. नक्की किती?' 'कुठेही, केव्हाही शिका – आणि अडलं तर कुठे, केव्हा विचारायचं?' 'चित्रातली मुलगी बंद लॅपटॉपकडे बघून का हसते आहे?' सगळ्यात खाली: 'दहापैकी चार. मांडणी सुबक. विचार करून पुन्हा लिहा. पालकांची सही आणावी.'

"माफ करा हं... हात आपोआप चालतो माझा," ती म्हणाली. "लग्नपत्रिकाही सोडत नाही मी."

"पत्रक मी लिहिलंय."

"अरे देवा!"

"चार जरा कमी नाहीत का?"

"त्यातले दोन मांडणीचे आहेत."

तो हसला तेव्हा त्याचा चष्मा नाकावरून घसरला. त्याने तो बोटाने वर ढकलला आणि पत्रक घडी करून खिशात ठेवलं. स्टँडमध्ये नाही, खिशात – हे तिने पाहिलं.

पुढच्या शनिवारी तेच पत्रक तिच्या टेबलावर आलं. खाली बॉलपेनने, थरथरत्या पण ठाम अक्षरात एक सही होती.

"आईची आहे," तो म्हणाला. "तिने विचारलं, वर्गात फार दंगा करतोस का रे?"

"मग?"

"म्हटलं, बाईंनी अजून वर्गात घेतलेलं नाही."

कॉलेजच्या मुलींनी वर पाहिलं. तिने वहीत डोकं खुपसलं, पण त्या वहीतल्या तिन्ही चुका तिच्या नजरेतून सुटल्या.

तिचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पाच वर्षं ती त्या शाळेत तात्पुरती होती. प्राथमिक विभागाच्या प्रमुख निवृत्त होत होत्या आणि मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला पत्र दिलं होतं. महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पदव्युत्तर पदवीला अर्ज केल्याची पोच दाखवली तर ते पद तिचं, नाही तर नव्या वर्षी बाहेरून कोणीतरी येणार आणि तिची तात्पुरती जागाही संपणार. हे तिने त्याला सांगितलं. तो एका विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात समुपदेशक होता. "बुधवारी शाळा सुटल्यावर केंद्रावर या," तो म्हणाला. "वही आणा."

केंद्र म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली. दोन खुर्च्या, तिसरीवर फायली. खालून इस्त्रीच्या ऊबदार कपड्यांचा वास यायचा आणि दर पाच मिनिटांनी वाफेचा फुस्स आवाज. तिने वहीत तीन विद्यापीठांचे तीन रकाने आखले होते. शाळा सांभाळून तासिका कधी, परीक्षा घरून की केंद्रावर, पदवीला मान्यता कोणाची, एखादं सत्र सुटलं तर काय. तो कुठल्याच प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देत नसे. माहीत नसलं तर "विचारून सांगतो" म्हणायचा आणि खरंच विचारून सांगायचा.

ती चार बुधवार गेली. चौथ्या बुधवारचे प्रश्न फोनवर तीन मिनिटांत आटोपले असते.

"काय गं, तुझं माहितीपत्रक काय म्हणतंय?" घरी ताईने विचारलं. ताईने त्याचं नाव तेच ठेवलं होतं.

"अभ्यासक्रमाबद्दल बोलतो आम्ही."

"हो ना. केस धुऊन अभ्यासक्रमाबद्दल बोलायला जाणारी तू पहिलीच."

त्याच चौथ्या बुधवारी तिने त्याच्या विद्यापीठाचा अर्ज भरून कागद केंद्रावर दिले. केंद्राने कागद तपासून पुढे पाठवायचे, की पोच यायची. तिला हलकं वाटलं. रात्री मात्र पत्राची घडी उगाच दोनदा उघडावीशी वाटली... ती तिने उघडली नाही.

गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी शिक्षकखोलीत तिचा फोन वाजला.

"तुमचा अर्ज पुढे पाठवलेला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? उद्या पाचला पोच द्यायची आहे मला!"

"म्हणूनच आज सांगतोय. येता का?"

ती तरातरा गेली. लाँड्रीच्या जिन्यावरच वाक्यं जुळवली होती, सगळी धारदार. वर तो खिडकीशी उभा होता. टेबलावर मोठ्या बाईंच्या पत्राची प्रत होती आणि एका ओळीवर त्याने पेन्सिलीने बारीक खूण केली होती. 'पदवी अध्यापन-सरावासह असावी.'

"आमच्या अभ्यासक्रमात वर्गावरचा सराव नाही," तो म्हणाला. "पदवी चांगली आहे, पण या पदाला चालणार नाही. दोन वर्षं शिकून तुम्ही जिथल्या तिथे राहाल. तुमच्या वहीतला मधला रकाना बघा. त्यांच्याकडे बारा आठवडे सराव आहे, तोही स्वतःच्याच शाळेत. त्यांच्या अर्जाची मुदतही उद्यापर्यंत आहे. तुमच्या पत्रातली एक ओळ म्हणजे सगळं... तरीही अर्ज तुमचा आहे. तुम्ही म्हणालात तर आत्ता पाठवतो."

ती खुर्चीत बसली. धारदार वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"माझे कागद इतके नीट वाचलेत?"

"कामच आहे. पण एक कळत नाही. माझ्या पत्रकातली पानांची तफावत पकडणाऱ्या बाईंना ही ओळ दिसली नाही?"

खाली इस्त्रीने फुस्स केलं.

"दिसली होती," ती म्हणाली.

"मग?"

"तिच्यावरून नजर पुढे नेली. मुलं नाही का, पाढ्यातला अवघड आकडा हळू म्हणून पुढे सरकतात... तशी."

"का पण?"

तिने वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला.

"मधल्या रकान्यातल्यांचं अभ्यासकेंद्र कुठेच नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे शंका विचारायला दर शनिवारी केंद्रावर यावं लागतं."

मग त्याने तिसऱ्या खुर्चीवरच्या फायली खाली ठेवल्या, ती खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. इतके दिवस मध्ये टेबल होतं.

"मीही एक सांगू? मघाशी सांगितलं ते सगळं खरं आहे, पण मी काही फार साधुसंत नाही." त्याने चष्मा काढून हातात घेतला. "आमच्याकडे नियम आहे. केंद्रावरच्या माणसाने विद्यार्थ्यांशी घरोबा ठेवायचा नाही. तुमचा अर्ज गेला असता तर दोन वर्षं मला तुमच्याशी फक्त हजेरीबद्दल बोलता आलं असतं. काल तुम्ही कागद ठेवून गेलात तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. आज ही ओळ सापडली, आणि खरं सांगतो... एवढा आनंद झाला की मीच घाबरलो. म्हणून तीनदा वाचली. मला हवं तेच वाचतोय का, म्हणून."

"आणि?"

"तिन्ही वेळा तीच निघाली."

तिला एकदम हसू आलं. सुट्टीची घंटा झाल्यावर पोरं हसतात तसं, कारण नसताना, पोटातून. पाच वर्षांची धास्ती आणि चार बुधवारांची धडधड एकदमच सुटली. डोळ्यांत पाणी आलं, तेही तिने पुसलं नाही.

"उघडा," ती म्हणाली. "मधला रकाना."

दुसऱ्या विद्यापीठाचा अर्ज त्यांनी त्याच संगणकावर भरला. ती सांगत होती, तो टाइप करत होता. जन्मतारीख सांगताना ती थबकली. "बघू नका." "टाइप कसं करू मग?" शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: 'या अभ्यासक्रमाविषयी माहिती कोणाकडून मिळाली?' खाली पर्याय. जाहिरात. सहकारी. मित्र. नातेवाईक.

त्याचा हात माउसवर थांबला.

"काय टाकू?"

"खरं ते टाका."

"खोटी माहिती दिली तर अर्ज रद्द होतो, असं वर लिहिलंय." तो पडद्याकडेच बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. "त्यामुळे चौथा पर्याय आज तरी नाही टाकता येणार."

"मग तिसरा टाका," ती म्हणाली. "नंतर बदलता येतो का?"

त्याने नियमांचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. "सत्र सुरू होईपर्यंत. म्हणजे बेचाळीस दिवस."

तिने माउसवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला आणि बटण दाबलं. पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी पोच आली.

"पुरतील," ती म्हणाली.