चोवीस तिरक्या खाचा

"अहो, तुमची फळी माझ्या बरगडीत घुसतेय."

बसमध्ये मागून आवाज आला म्हणून मी वळले. माझ्याबरोबर फळीही वळली आणि त्याच्या कोपरावर आपटली.

"सॉरी हं," मी म्हटलं, अजिबात सॉरी न वाटता. तीन फुटी फळी काखेत धरून उभ्या असलेल्या बाईला माणसानं जागा द्यावी की तक्रार करावी?

त्यानं जागा दिली नाही, पुन्हा तक्रारही केली नाही. बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. अख्खी बस बघत होती.

"आतून तडकलीये ही."

"काहीतरीच काय! कालच घेतलीये."

"काल घेतली म्हणून काय झालं? कलिंगड नाही का घेतलं कधी?"

अस्सा राग आला मला! पण माझं लक्ष मात्र त्याच्या बोटांवर... नखांच्या कडेला वाळलेला गोंद, उजव्या भुवईत लाकडाचा भुसा. माझ्याच थांब्यावर तो उतरला तेव्हा मी मागून ओरडले, "करवत आहे का तुमच्याकडे? चला, कापूनच बघू!"

त्याची कार्यशाळा थांब्यामागच्याच गल्लीत निघाली. त्यानं फळीच्या टोकाचा वीतभर तुकडा कापून माझ्यासमोर धरला. मधोमध केसाएवढी चीर होती. मी गप्प बसले. आईनं हे पाहिलं असतं तर कॅलेंडरवर लिहून ठेवलं असतं.

"काय बनवायचंय?" त्यानं विचारलं.

"इलेक्ट्रिक गिटार. घरी, स्वतः."

तो हसला नाही. बाकी सगळे हसले होते. तिथेच मी पहिल्यांदा घसरले असणार, पण तेव्हा कळलं नाही.

माझं सांगायचं तर, मी कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दात घासते, फक्त लोक तिथे नसतात. संध्याकाळी दोन मैत्रिणींबरोबर गिटार वाजवते, आठ वर्षं झाली. आमच्या गाण्यांना सगळ्यात जाड तार खूप खाली उतरवावी लागते, आणि मग ती मेली सुतळीसारखी लोंबते. यावर एकच उपाय होता, जाड तार लांब ठेवायची आणि बारीक तार आखूड. तसं केलं की गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, सरळ राहत नाहीत, हातपंख्याच्या काड्यांसारख्या तिरक्या पसरतात. माझ्या छोट्या हाताला बसेल अशी गिटार बाजारात मिळेना. मग म्हटलं, माणसाचा जबडा बसवते मी, ही तर लाकडाची पट्टी!

"तिरक्या?" त्यानं कागदावरची आकृती फिरवून पाहिली. "अवघड आहे. पण मजा येईल."

निघताना दारावरचा कागद दिसला. तीस तारखेपासून बंद.

"म्हणजे?"

"मोठ्या भावाचा फर्निचरचा कारखाना आहे, पाच तासांवर. तिकडे चाललोय. हाताच्या कामाला इथे आता कोण विचारतं?" तो सहज म्हणाला. "एकोणीस दिवस आहेत. तोवर तुमचं होईल."

एकोणीस दिवस! गिटार नवीन, माणूस नवीन आणि घाई माझी जुनीच. घरी मला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून लॅब सुटली की मी त्याच्याकडे. त्यानं दिलेल्या धड फळीतून गिटारचं अंग कापून झालं, मान तासून झाली. बोटांखालच्या पट्टीसाठी त्यानं फडताळातून एक काळाभोर तुकडा काढला.

"हा कुठला?"

"ठेवला होता. सहा वर्षं झाली."

"कशासाठी?"

"काहीतरी चांगलं करायचं म्हणून..." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन तुकड्याकडे पाहिलं. मी उगाचच जमिनीवरचे खिळे गोळा केले.

त्या दिवशी बसमध्ये मी बोटांवर दिवस मोजले. तेरा. मोजताना गिटारचा विचारही मनात नव्हता, आणि हे लक्षात आल्यावर माझा थांबा मागे गेला.

फ्रेट बसवायला पट्टीवर चोवीस खाचा पाडायच्या होत्या. मी घरी ट्रेसिंग पेपरवर चोवीस तिरक्या रेघा आखल्या, कागद पट्टीवर चिकटवला आणि धावतपळत नेऊन दिली.

"जाड तार या बाजूला ना?" त्यानं विचारलं.

"हो."

थोड्या वेळानं पुन्हा, "नक्की ना? मला वाटतंय हे..."

"हे बघा, आठ वर्षं वाजवतेय मी. मला शिकवू नका. मी आखलंय तसं कापा."

त्यानं मान डोलावली आणि करवत उचलली. दोन दिवस लागले त्याला. एकेक खाच हातानं, श्वास रोखून. मी शेजारी उभी राहून पाय हलवत होते, शेवटी त्यानं मला बाहेर पाठवलं. "तुमच्या पायानं टेबल हलतंय, मॅडम."

पट्टी घरी आणून मानेवर ठेवली... आणि बघते तर काय, पंखा उलटा होता! जाड तारेकडची बाजू आखूड, बारीक तारेकडची लांब. आरशात दिसावी तशी सगळी पट्टी उलटी.

मी तशीच निघाले. कार्यशाळेत कोणी गृहस्थ त्याचं रंधा मशीन विकत घ्यायचं म्हणून बघायला आले होते. मला त्याचं काय!

"उलट्या कापल्यास तू! चोवीसच्या चोवीस! एवढं साधं कळत नाही? लाकूड वाया, दिवस वाया, आणि तू काय, चाललास भावाकडे! तुझं काय जातंय?"

पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं ते असं.  फक्त त्याचे कान लाल झाले. ते गृहस्थ छताकडे बघत राहिले.

सकाळी आई टेबल पुसत होती. हे आमचं जेवायचं टेबल, पण गिटार आल्यापासून आम्ही जमिनीवर जेवत होतो. पट्टी त्यानं खाचा पाडून झाल्यावर सोडवलेल्या ट्रेसिंग पेपरातच नीट गुंडाळून दिली होती. आईनं तो कागद उचलला.

"हे आकडे असे उलटे का गं लिहिलेस?"

मी बघितलं. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात चोवीसचा आकडा होता, उलटा. कागद उलटवला तर आकडा सुलटा, आणि गोंदाचा थरही त्याच बाजूला. ट्रेसिंग पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो, आणि घाईघाईत मी तो पालथा चिकटवला होता. मी स्वतः, याच टेबलावर.

"आई गं!" मी मटकन खाली बसले.

"कोणाला बोलून आलीस?" आईनं विचारलं. तिला माझी कुंडली पाठ आहे.

"सुताराला."

"मग आता तोंड घेऊन जा परत. नेताना घाई केलीस, तशीच जाताना कर."

माफी मागणं हा माझा प्रांत नाही. बसमध्ये तीन वाक्यं तयार केली होती, उतरेपर्यंत तिन्ही विसरले. तो रिकाम्या कार्यशाळेत स्टुलावर बसला होता. मशीन गेलं होतं, जमिनीवर मशीनच्या लोखंडी पायांचे चार डाग उरले होते. ते बघून माझा सगळा धीर सुटला.

"चूक माझी होती," मी दारातूनच म्हटलं. "कागद मी पालथा लावला. तुमची... तुझी काही चूक नाही. आणि मी जे बोलले ते फार वाईट बोलले."

"माहितीये."

"काय माहितीये? वाईट बोलले ते?"

"कागद पालथा होता ते. म्हणजे, खात्री नव्हती. पण वाटत होतं."

"मग सांगायचं ना!"

"दोनदा विचारलं."

"तिसऱ्यांदा विचारायचं! कानाखाली वाजवून सांगायचं!"

तो खाली बघत बोटाचा गोंद खरवडत राहिला. "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू चिडून निघून गेली असतीस. दुसरीकडून करून घेतलं असतंस." मग अगदी हळू म्हणाला, "लाकूड गेलं तर गेलं, म्हटलं. तू यायची थांबायला नको होतीस."

मी उगाचच जमिनीवरचा भुसा पायानं गोळा केला.

"फुकट नाही गेलं," मी म्हणाले. "दाताला भेग पडली तर आम्ही भरतो. खाचा भरू या. पांढऱ्या लाकडाच्या पातळ चिपा घालू आणि वरून नव्यानं बरोबर कापू."

"जुन्या रेघा दिसतील."

"दिसू देत!"

कार्यशाळेत आता टेबलही नव्हतं, त्यामुळे तो आमच्या घरी आला. दिवस उरले होते सहा. चोवीस चिपा कापल्या, एकेक खाचेत गोंद, चीप आणि हातोडीची हलकी टिचकी. आमची डोकी एकमेकांना लागत होती आणि दोघंही ती मागे घेत नव्हतो. लॅबमधला आमचा दात बसवायचा मसाला दहा मिनिटांत घट्ट होतो. लाकडाच्या गोंदाला एक दिवस लागतो, आणि बाहेर पाऊस असला तर दीड. नेमका पाऊस होता.

मी दर अर्ध्या तासानं बोट लावून बघायची.

"हात नको लावूस."

"वाळलाय."

"नाही वाळला."

"तुला कसं कळतं?"

"तू हात लावतेस त्यावरून."

पाच दिवस उरले. चार. या वेळी त्यानं मला कागद चारदा तपासायला लावला आणि मी चारदा तपासला, निमूटपणे! नव्या खाचा पडल्या, फ्रेट ठोकून झाले, कानशीनं कडा गोल करायला मी घेतल्या कारण ते माझंच काम. तो नुसता पॉलिश करत बसला. मला रात्री झोप येईना, लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीला मी दोन दात जास्त लावले. काय म्हणायचं याला? गिटार संपवायचीही होती आणि संपायला नकोही होती.

"मुलगा कामसू आहे," आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली. "पण तीन दिवस तीच एक मान घासतोय. बारीक होऊन सुई होईल तिची."

शेवटच्या दिवशी दुपारी तारा चढवल्या. काळ्या पट्टीवर पांढऱ्या रेघा एका बाजूला कललेल्या, धातूच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला, सगळ्या एकमेकींना छेदत गेलेल्या. मी सगळ्यात जाड तार छेडली. ती लोंबली नाही. असा भरीव सूर घुमला की टेबलावरच्या वाट्या थरथरल्या आणि आई पदर सावरत बाहेर आली.

मी एक गाणं वाजवलं, चुकत चुकत, बोटं ऐकतच नव्हती. तो भिंतीला टेकून उभा होता.

"छान," तो म्हणाला. "बरं... येतो मी. सकाळी लवकर निघायचंय."

आणि गेला की हो! जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, पहिला मजला, मग तळमजला. मी गिटार आईच्या हातात कोंबली आणि अनवाणीच धावले.

तो थांब्यावर उभा होता. पाऊस भुरभुरत होता.

"मला तू आवडतोस," मी धापा टाकत म्हटलं. "खूप. बसमध्ये फळीला कान लावलास तेव्हापासून. आता बोल काहीतरी, नाहीतर मी इथेच मरेन."

 मग त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी तो हसत होता.

"मान बारीक झाली ना जरा?" तो म्हणाला. "काम संपू नये म्हणून घासत होतो."

"मग जाऊ नकोस ना!"

"दादाला शब्द दिलाय. एका अख्ख्या हॉटेलचं फर्निचर घेतलंय त्यानं माझ्या भरवशावर. तीन महिन्यांचं काम आहे." त्यानं माझा हात धरला. गोंदाचा खरखरीत, गरम हात. "ते झालं की परत येतो, इथेच दुकान टाकतो. आत्तापर्यंत परत यायला कारण नव्हतं. थांबशील?"

"नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"थांबणं मला जमत नाही, तुला माहितीये," मी म्हटलं. "मी येईन. दर रविवारी."

"अगं, पाच तासांचा रस्ता आहे. तुला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही!"

"उभी राहून येईन."

त्याची बस आली आणि गेली. तिच्यामागची पण गेली.

पुढच्या रविवारी सकाळी सहाच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती. मी पाचही तास उभीच होते.