नदीच्या पायऱ्यांसमोरचं घर

१९९५ साली, ऑक्टोबरात, राधाबाई हिरोशिमाला गेल्या त्या फिरायला नव्हे. अमेरिकेत बेलव्ह्यूला विवेककडे, म्हणजे मुलाकडे, येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. शेजारच्या काझुकोबाई सत्तरीच्या. युद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आलेल्या. खिडकीतून राधाबाईंच्या घरातली बुद्धमूर्ती दिसली, तेव्हा त्या मुळ्याचं लोणचं घेऊन थेट दारात उभ्या राहिल्या होत्या. एकीचं नागपूरच्या शाळेतलं इंग्रजी, दुसरीचं मोडकंतोडकं. पण दोघींचं छान जमलं.

"तुमचा बुद्ध फार कडक दिसतो हो, मास्तरासारखा," काझुकोबाई म्हणायच्या.

"आमच्याकडे त्याला शिकवायचंच काम जास्त पडलं," राधाबाई म्हणायच्या.

विवेकची ओसाकाला मीटिंग निघाली, आईलाही न्यायचं ठरलं, तेव्हा काझुकोबाईंनी पहिल्यांदाच हिरोशिमाचा, आपल्या गावाचा, विषय काढला. बॉम्ब पडला त्या दिवशी त्या गावाबाहेर कारखान्यात होत्या. आई आणि धाकटी बहीण घरी. परतल्या तर घर नव्हतं, गल्ली नव्हती. हाडंसुद्धा मिळाली नाहीत.

"म्हणून मी त्यांचं काहीच केलं नाही. केलं की त्या मेल्या, असं होईल ना! आता माझं हृदय थकलंय, राधासान. मी गेल्यावर त्यांची वाट कोण बघणार? तुम्ही तिथे पुण्यानुमोदन करा, तुमचं पुण्य त्यांच्या नावे करा. सुटू दे त्यांना. मलाही."

पत्ता साधा होता. आता तिथे बाग आहे; नदीत उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या तेवढ्या उरल्यात. त्यांच्या अगदी समोर.

राधाबाईंना वाटलं होतं, जखमी गाव दिसेल. दिसल्या ट्राम, काचेच्या इमारती, पुलावरून जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या पिवळ्या टोप्या. ज्या गावाचं काही उरलं नव्हतं, त्या गावात सगळं होतं.

पहाटे पाऊस पडून गेला होता. पांढरी साडी सावरत त्यांनी हिरवळीच्या कडेला चपला काढल्या.

"आई, चपला कशाला काढतेस? पब्लिक पार्क आहे हे."

"कुणाचं तरी घर आहे रे."

विवेक बाकावर बसून कॅमेऱ्यात रोल घालू लागला.

गवत ओलं लागायला हवं होतं. पायाला लागलं ते कोरडं, विणलेलं, चटईसारखं. नदीवरून वारा येत होता, झाडं हलत होती. त्यांनी लावलेल्या मेणबत्तीची ज्योत मात्र घरातल्यासारखी सरळ. राधाबाईंनी डोळे मिटून त्रिसरण-पंचशील म्हटलं. मध्येच भात शिजल्याचा वास आला. मागे लाकडी दार सरकल्यासारखं वाजलं. भीती नाही वाटली. परक्या घरात आपण मोठ्याने बोलतोय एवढंच वाटलं, आणि आवाज आपोआप उतरला.

पुण्यानुमोदनाचे शब्द काही केल्या आठवेनात. आयुष्यभर म्हटलेले शब्द.

त्या उठल्या.

काढताना चपलांची टोकं आत, हिरवळीकडे होती. आता ती बाहेर, नदीकडे होती. जोडीने, नीट.

"विवेक, तू हात लावलास?"

"मी इथून हललोपण नाही, आई."

ओल्या मातीत त्यांच्याखेरीज दुसरं पाऊल नव्हतं.

बेलव्ह्यूला परतल्यावर राधाबाईंनी हे सगळं खाली मान घालून सांगितलं. "झालं नाही हो माझ्याच्याने."



"पाहुणीला निघताना सोपं जावं, म्हणून घरचं माणूस चपला तशा वळवून ठेवतं," काझुकोबाई म्हणाल्या. "आमच्याकडे ते काम धाकटीचं."

आणि पासपोर्ट शोधायला उठल्या.

पुढे विवेकने नोकरी बदलली आणि तो आईला घेऊन दुसऱ्या गावी, कॅरीला, गेला. पुण्यानुमोदनाचे शब्द राधाबाईंना पुन्हा कधी अडले नाहीत. काझुकोबाई वसंतात आपल्या मुलाबरोबर हिरोशिमाला गेल्या आणि पायऱ्यांसमोरच्या हिरवळीवर, बसल्या जागी, शांतपणे वारल्या. चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं, मुलगा म्हणाला, घरी यायला उशीर झाल्यासारखं. त्यांचा चष्मा, छत्री, पर्स, सगळं त्याने परत आणलं.

बूट त्यांनी कडेला काढून ठेवले होते, ते त्याने स्वतः पाहिलं होतं. पोलिसांनी अख्खी बाग पालथी घातली. ते मिळाले नाहीत.