घाटात थांबलेली मोटार

यातलं काहीही मी रचलेलं नाही. माझ्या आजीचा भाऊ, शिदूआजा, यानं मला हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मरायच्या आदल्या वर्षी.

साल १९३६. दसऱ्यानंतरचा रविवार. बोरघाट.

तेव्हा हौशी मोटारवाले दरवर्षी लोणावळ्यात जमायचे. शर्यतीच्या गाड्या खोपोलीहून घाट चढून यायच्या. दुपारपर्यंत रस्ता बंद. बैलगाड्या अडवायला एका वळणावर शिदूला लाल निशाण देऊन उभं केलं होतं. त्याची बायको बाया शेजारीच गवत कापत होती.

तिला फुरसं चावलं.

शिदूनं तिला पाठीवर घेतलं. दवाखाना लोणावळ्यात, चार मैल चढावर. बैलगाडी एकही नाही... त्यानंच सगळ्या परत पाठवल्या होत्या.

येईल त्या मोटारीपुढे तो निशाण हलवत होता. कुणी थांबलं नाही.

मोटारी यायच्या बंद झाल्या. बायाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

मग धुकं उतरलं.

आणि... एक गाडी थांबली.

लांब, बसकी. दोनच सीटची. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडावर मफलर. त्यानं मान वळवली नाही. नुसतं दार उघडलं.

"तुमी बी चला," बाया म्हणाली. तिनं शिदूचं मनगट धरलं होतं.

"जागा न्हाई गं. तू म्होरं हो. मी पळत आलोच."

त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

गाडी चढावर धुक्यात शिरली... आणि तिचा आवाज खालून, दरीतून येऊ लागला.

शिदू जीव तोडून पळाला.

दवाखान्यात कुणीच आलं नव्हतं.

तो तसाच शर्यतीच्या मांडवात गेला. तिथल्या कारकुनानं यादी पाहिली.

"अकरा सुटल्या, अकरा पोचल्या. धुकं पडायच्या आतच शेवटची आली."

तीन दिवस दरी शोधली. काकणाचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

पुढच्या वर्षी शिदूनं तेच वळण मागून घेतलं. सगळ्या मोटारी गेल्या. धुकं आलं.

ती गाडी थांबली. दार उघडलं.

शेजारची सीट रिकामी होती...

एवढं सांगून आजानं तोंड फिरवलं.

"मग?" मी विचारलं.

"वरीसभर तिच्यासाठी रडलो व्हतो. पर बसाया पाय उचलला न्हाई माझा." तो भिंतीकडे बघत होता. "दार लय येळ उघडं व्हतं."

आजही घाटात धुकं लागलं, की मी मोटारीचं दार आतून दोनदा ओढून बघतो. बाहेर कुणी नसतं.

तरी बघतो.