बोळक्याचा दात आणि गुलाबी राजमा

"थुंक! आधी थुंक ते!"

खारूने एका उडीत बोळक्याचा हात धरला. त्याच्या हातात टार्टची, म्हणजे वर फळं मांडायच्या गोड वाटीची, फुटकी पारी होती. सकाळपासून तो तिच्यावर डोळा ठेवून होता.

"अजून खाल्लीच नाही, तर थुंकू काय?" बोळक्या रडवेला झाला. "फुटकी मला मिळणार असं मावशीच म्हणाली होती!"

खारूने पारी उलटी केली आणि पुन्हा सुलटी केली. आतल्या बाजूला गुलाबी ठिपके दिसत होते. खारूची बोटंही गुलाबी झाली होती. ती बेसिनपाशी बटर पेपरचे कागद गोळा करत होती, आणि नळाखाली हात धरल्यावर गुलाबी पाणी वाहायला लागलं होतं.

"चेरीचा रंग असेल," मोजपट्टी म्हणाला. तो मावशीचा आणि काकांचा मुलगा. सगळं मोजूनमापून करायची सवय असल्यामुळे त्याचं हे नाव पडलं होतं. खारू आणि तिचा सात वर्षांचा भाऊ बोळक्या सुट्टीसाठी त्यांच्याकडे आले होते.

"चेरी आपण कधी लावल्या?"

"पाऱ्या भाजून गार झाल्यावर."

"आणि हे कागद?"

मोजपट्टीने कागदांकडे वळून पाहिलं. कागद तर त्याच्याही आधी काढले होते!

मावशीची टार्टची रीत अगदी सोपी होती. मैदा, लोणी आणि पिठीसाखर मळायची, ती साच्यात दाबून बसवायची आणि काट्याने टोचायची. मग वर कागद घालून त्यात राजम्याचे दाणे भरायचे, म्हणजे भाजताना पारी फुगत नाही. ते दाणे खायचे नसत. तेच ते पुन्हा पुन्हा वापरून भाजून भाजून चॉकलेटी झालेले, आणि त्यांची बरणीही वेगळी.

"सकाळी दाणे कसे होते?" खारूने विचारलं.

"गुलाबी. चकचकीत. मला वाटलं, आईने नवे आणले."

"आणि मावशीला वाटलं असेल, तू बघून घेतलेस!"

तेवढ्यात बोळक्या खिडकीतून परसात बघत म्हणाला, "काकांचा राजमा अजून उगवलाच नाही. बारा दिवस झाले. मी रोज पाणी घालतो."

खारू धावतच वाफ्यापाशी गेली. बोटभर माती उकरल्यावर दाणा हाती लागला. चॉकलेटी! भाजून तडकलेला!

"हा तर मावशीचा राजमा! काकांनी भाजलेले दाणे पेरले!"

"मग त्यांचं बियाणं..." मोजपट्टीचा आवाज बारीक झाला.

काकांच्या अवजारांच्या पेटीत फाटकं पाकीट सापडलं. त्यावर लाल कवटी होती, खाली छापलं होतं, 'औषध लावलेले बियाणे. विषारी. खाण्यासाठी वापरू नये.' पाकीट फाटलं म्हणून काकांनी हाताला लागेल त्या बरणीत बी ओतलं असणार. बरण्या सारख्याच, फळीही एकच. पेरताना भलतीच बरणी उचलली, आणि विषाची राहिली स्वयंपाकघरात!

आणि टार्ट? तीसच्या तीस वाचनालयात पोचले होते! आज ग्रंथपालबाईंचा निरोप समारंभ होता. ही मुलं अंगठ्याएवढी असल्यापासून दर सुट्टीत त्यांच्याकडून पुस्तकं नेत होती, आणि पहिला टार्ट त्यांनाच मिळणार होता. चारच्या ठोक्याला.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

"आधी साबण लावून हात धुवा! तिघांनीही!" खारू ओरडली.

मावशी टार्ट पोचवून पोस्टात कामावर गेली होती, ती फोन उचलेना. काकांचा फोन बंद. समारंभाचे सूत्रधार तेच होते ना!

"पळत गेलं तर अकरा मिनिटं," मोजपट्टी म्हणाला.

"मग मोजू नकोस, पळ!" पाकीट आणि भाजका दाणा उचलत खारू म्हणाली.

पोस्टाच्या दारातून मोजपट्टी आत घुसला, आईला सांगायला. बाकीचे दोघं पुढे पळाले. बोळक्याची चप्पल तुटली, ती हातात घेऊन तो अनवाणीच पळत राहिला.

वाचनालयाचा हॉल खचाखच भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर बशी, बशीत पीच आणि चेरींनी सजलेला टार्ट. भाषण संपल्याशिवाय कुणी खायचं नाही, असं ठरलं होतं. काका माईकसमोर उभे होते.

"आता शेवटचे दोन शब्द..."

काकांचे शेवटचे दोन शब्द म्हणजे किमान दहा मिनिटं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. खारूने मनोमन हात जोडले. 'देवा, आजच्या दिवस काकांचं भाषण लांबू दे!'

ती वाकून वाकून मंचापाशी पोचली आणि तिने पाकीट पुढे केलं. काकांनी माईकवर हात ठेवला.

"आत्ता नाही! घरी बोलू."

"काका, टार्टला विष लागलंय!"

"शू! ही काय मस्करीची वेळ आहे?" त्यांनी पाकीट न बघताच भाषणाच्या कागदांखाली सारलं.

खारू वळली आणि जीव खाऊन ओरडली, "कुणी खाऊ नका! विष आहे!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग काका हसून म्हणाले, "मंडळी, हे आमचे गुप्तहेर! परवाच यांनी दूधवाल्याला चोर ठरवलं होतं!"

सगळे खो खो हसले. पहिल्या रांगेत बसलेला दूधवाला तर सगळ्यात जास्त! खारूच्या डोळ्यांत पाणी आलं. परवा चूक झाली होती, हे खरंच होतं.

"तर करूया सुरुवात!" काका म्हणाले. ग्रंथपालबाईंनी टार्ट उचलला. तो त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब होता...

"माझा दात कुणाला सापडला का?"

बोळक्या खुर्चीवर चढला होता. हातात तुटकी चप्पल, आणि तोंडाचा मोठा आ.

"सकाळी पडला! टार्टवर चेरी लावताना! खूप शोधला, मिळालाच नाही!"

ग्रंथपालबाईंचा हात तसाच थांबला. मग एक बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरी, मग तिसरी. दूधवाल्याने तर आपली खुर्चीखाली सारली.

"कुणी चाखला तर नाही ना?" खारूने धापा टाकत विचारलं. सगळ्यांच्या माना नकारार्थी हलल्या. तिने मुठीतला भाजका दाणा काकांपुढे धरला. "काका, हा तुमच्या वाफ्यात सापडला. आता ते पाकीट वाचा."

काकांनी वैतागून पाकीट ओढलं आणि माईकवरच वाचायला लागले, "औषध लावलेले बियाणे. विषा..."

ते मटकन खुर्चीत बसले.

दारातून मावशी आणि मोजपट्टी धावत आत आले. मावशीने टार्ट मोजून पिशवीत भरले. तिसाव्यावर येऊन तिने डोळे मिटले आणि मग कुठे श्वास सोडला. "मीही बघायला हवं होतं गं," ती पुटपुटली.

काका उठले. यावेळी त्यांचं भाषण अगदी छोटं झालं.

"चूक माझी. विषाला खाण्याची बरणी दिली, आणि मुलांचं ऐकलं नाही. खारू, माफ कर."

ग्रंथपालबाईंनी तिघांना जवळ घेतलं. "तीस वर्षं मी इथे सगळ्यांना 'शांत बसा' म्हणत आले," त्या म्हणाल्या. "आज कळलं, कधीकधी न बसणाराच शहाणा!"

दुसऱ्या दिवशी मावशीने जुने साचे टाकून दिले आणि बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून पाऱ्या केल्या. ना ओव्हन, ना दाणे! काका लाल रंगाचा डबा घेऊन प्रत्येक बरणीवर नाव लिहीत बसले होते. मिठाच्या बरणीवरसुद्धा.

बोळक्याने कालचा शर्ट धुवायला टाकताना दुमडलेली बाही सोडली, तर आतून पिठाचा वाळका गोळा पडला, आणि गोळ्याला चिकटलेला दात!

"मावशी, खोटं बोलायचं नाही असं तू सांगतेस," तो कुजबुजला. "दात टार्टमध्ये नव्हताच. मग मी काल खोटं बोललो?"

मावशीने त्याला मांडीवर घेतलं. "तू काय म्हणालास? पडला, शोधला, मिळाला नाही. यातलं खोटं काय रे?"

बोळक्याला ते पटलं. मग सगळ्यात मोठा टार्ट उचलला, तोंडाशी नेला, आणि खारूकडे बघत थांबला.

"ताई, तुझे सगळे दात जागेवर आहेत ना?"